संगणक शिकवील, पण शेजारी कोण बसणार?

(वडगाव निंबाळकर येथे आपल्या सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला बोलायला दिलेला विषय आहे, वेगवेगळ्या समाजांतील प्रौढांना संगणकाच्या साहाय्याने शिकवणे. नाव ऐकले की पुण्या-मुंबईच्या एखाद्या सभागृहाची आठवण होते. पण हा विषय आपल्याच शिवारातला आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर हा सगळा भाग हिरवा झाला. सोमेश्वर, माळेगाव, तिकडे इंदापूरच्या बाजूला भवानीनगरचा छत्रपती, असे कारखाने उभे राहिले. दिवाळीच्या आगेमागे मोळी पडली की मराठवाड्यातून आणि खानदेशातून टोळ्या येतात. कालव्याच्या कडेला, मोकळ्या माळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. उन्हाळा तापू लागला, पट्टा पडला की त्या जागेवर तीन दगडांच्या चुली तेवढ्या उरतात. आपण सगळे हे दरवर्षी पाहतो. त्या कोप्यांतून राहणारी माणसे कोणती भाषा बोलतात, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल.

काही टोळ्या बंजारा समाजाच्या असतात. त्यांची घरातली भाषा गोरमाटी. काही टोळ्यांत भिल्ल आणि पावरा कुटुंबे असतात. त्यांच्या बोली वेगळ्या. बारामती-इंदापूर भागात कायमची राहणारी पारधी कुटुंबे आहेत. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची. वडार समाजाच्या बोलीवर तेलुगूची छाया आहे, कैकाडी बोलीचे नाते तमिळशी सांगतात. म्हणजे या दहा-पंधरा मैलांच्या टापूत, एकाच हंगामात, पाच-सहा भाषा चुलीपाशी बोलल्या जातात आणि व्यवहार मात्र सगळा मराठीत चालतो. वजनाची पावती मराठीत, मुकादमाची वही मराठीत, दवाखान्याचा कागद मराठीत नाहीतर इंग्रजीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती. त्याच जनगणनेत राज्यातील आदिवासींची साक्षरता सुमारे ६६ टक्के होती आणि आदिवासी स्त्रियांची सुमारे ५७ टक्के. आपण ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसे या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत उभी आहेत.

आपल्या हितचिंतकांकडून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ताई, आम्ही चार संगणक दिले तर शिकवायला माणूस लागणार नाही ना? प्रश्नामागे चांगली इच्छा आहे. माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझे उत्तर आधीच सांगते आणि मग त्याची कारणे देते. संगणकामुळे शिकवणाऱ्याचे काम बदलते, पण माणूस लागायचा राहत नाही. उलट, संगणक ठेवल्यावर शेजारी बसणारे माणूस अधिक लागते, आणि ते त्या शिकणाऱ्याची भाषा जाणणारे लागते.

पण त्याआधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. तो प्रश्न कोपीतली माणसेच विचारतात. आता शिकून काय करायचे? फोन बोलतो, फोनला विचारले की तो सांगतो. रेशनला अंगठा चालतो, बँकेत अंगठा चालतो. मग चाळिसाव्या वर्षी अक्षर कशाला?

बंधुभगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आधीच्या पिढीने अंगठाबहाद्दर हा शब्द पुसून टाकण्यासाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. सही करता आली की माणूस छाती पुढे काढून चालायचा. आज यंत्रानेच पुन्हा अंगठा मागायला सुरुवात केली आहे, आणि तोही सुशिक्षित-अशिक्षित सर्वांकडून. त्यामुळे निरक्षर माणसाला वाटते की आता आपले काही अडत नाही. अडते कुठे ते पाहा. गावातल्या पैसे काढण्याच्या यंत्रावर एक बाई अंगठा ठेवते. चालवणारा सांगतो, एक हजार निघाले. यंत्रातून पावती येते, तिच्यावर वेगळाच आकडा असतो. पावती बाईच्या हातात असते, पण ती तिला वाचता येत नाही. असा प्रकार मी एका ठिकाणी स्वतः पाहिला आहे. अंगठ्याने संमती देता येते, पण संमती कशाला दिली हे अंगठ्याला वाचता येत नाही. सही करणारा निदान वर काय लिहिले आहे यावर नजर टाकतो. अंगठा देणारा फक्त समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो.

शिवाय ज्याच्या हातात वर्षानुवर्षे कोयता आहे, त्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. उसाच्या पानाने बोटे चिरलेली असतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. मग तो माणूस बोट पुसतो, तेल लावतो, दुसरे बोट ठेवतो, रांगेतले लोक कुरकुर करतात. कष्टाने अंगठा झिजला आणि त्याच अंगठ्यावर त्याची ओळख ठरते. पारधी समाजाला तर या ठशाची जुनी आठवण आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पूर्ण जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढे १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. १९५२ साली तो कायदा गेला. पण कोणी सरकारी यंत्र घेऊन वस्तीवर आले की म्हातारी माणसे अजून मागे सरतात. आपण संगणकाची पेटी घेऊन जातो तेव्हा ही आठवण त्या वस्तीत आपल्या आधी पोचलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून शिकायचे ते एवढ्यासाठी, की आपल्या नावावर काय चालले आहे हे आपल्याला कळावे. उसाचे वजन किती टन लागले, उचल किती घेतली होती आणि त्यातली किती फिटली, गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची, मुलाच्या दाखल्यावर नाव बरोबर आहे का. ज्याला हे वाचता येते त्याला फसवणे अवघड जाते. ज्याला येत नाही त्याचा पुढचा हंगाम मागच्या हंगामाच्या उचलीत जातो, आणि हिशेब खरा की खोटा हे त्याला कधीच कळत नाही.

आता संगणकाकडे येते. संगणकाने प्रौढांना वाचायला शिकवण्याचा भारतातला मोठा प्रयोग टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने २००० साली सुरू केला. त्यामागे फकीरचंद कोहली होते. भारतातील संगणक उद्योगाचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात, ते हे कोहली. २०२० मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या वाचनपुस्तिका त्यांच्या लोकांनी घेतल्या आणि त्यांवर चित्र, आवाज आणि अक्षर एकत्र येईल असे पाठ बनवले. पहिली चाचणी आंध्र प्रदेशच्या मेदक जिल्ह्यात तेलुगू भाषेत झाली, मेदक आता तेलंगणात आहे. पुढे तमिळ, हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांत पाठ तयार झाले.

त्या पद्धतीत तीन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या. पहिली, अ आ इ ई पासून सुरुवात न करता पूर्ण शब्दापासून सुरुवात. मोठ्या माणसाला शब्द आधीच माहीत असतो, त्याला फक्त त्याचे रूप दाखवायचे असते. दुसरी, आधी वाचन, लेखनाचा आग्रह नंतर. तिसरी, वेळ. नेहमीच्या वर्गाला साधारण २०० तास लागतात, इथे सुमारे ४० तासांत, म्हणजे आठ-दहा आठवड्यांत, माणूस वर्तमानपत्रातले सोपे वाक्य वाचू लागावा अशी आखणी होती. कचेऱ्यांतून काढून टाकलेल्या जुन्या संगणकांवरही ते चालत असे.

४० तास हा आकडा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. टोळी इथे चार-पाच महिने असते. रोज एक तास धरला तर ४० दिवसांचे काम. पट्टा पडायच्या आत पूर्ण होऊ शकते. पण रोज एक तास हे आपण म्हणतो. पहाटे तीन-चारला उठून फडात जाणारी बाई संध्याकाळी सरपण आणि पाणी आणून, भाकरी थापून आठ वाजता मोकळी होते. त्यातच रात्री गाडी भरायचे बोलावणे आले की वर्ग उठला. इथे संगणकाचा खरा उपयोग दिसतो. पाठ जिथे थांबला तिथेच तो उद्या सुरू होतो. चार दिवस बुडाले तरी तो रागावत नाही. बाईंना दहा वेळा एकच शब्द ऐकायचा असेल तर तो दहा वेळा म्हणतो, आणि अकराव्या वेळीही त्याच आवाजात म्हणतो.

मोठ्या माणसाला शिकताना सर्वात जड काय जाते, असे मला विचाराल तर मी जोडाक्षर सांगणार नाही. लाज सांगेन. आपल्या नातवासमोर चुकण्याची लाज, सुनेसमोर अडखळण्याची लाज. आणि सुनेची अडचण वेगळीच. काही समाजांत सासऱ्यासमोर, मोठ्या दिरासमोर तिने मोठ्याने बोलायचे नसते. मग ती वर्गात मोठ्याने वाचणार कशी? तिच्या कानाला श्रवणयंत्रासारखा तो हेडफोन लावला की ती डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ऐकते, ओठातल्या ओठात म्हणते. सासरे समोर बसलेले असतात आणि कोणाची मर्यादा मोडत नाही. दीडशे-दोनशे रुपयांच्या त्या वस्तूने जे साधते ते उत्तम शिक्षकालाही साधले नसते.

लाज दुसऱ्या वाटेनेही जाते, ती म्हणजे सोबतीने. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या शाळेत जाऊ लागल्या. सगळ्याच जणी एका रंगात आल्या की कोणाला हसणार? आपल्या नीरेच्या पलीकडच्या साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हाही सगळ्या गावाने मिळून शिकायचे असाच विचार होता. म्हणून वस्तीवर एकच हुशार बाई निवडून तिला संगणकापुढे बसवू नये. पाच-सहा जणींनी एका पडद्यापुढे बसावे.

आता या यंत्राची उणी बाजू सांगते. संगणक मराठीत बोलतो, आणि तीही पुस्तकी मराठी. पडद्यावर एक बाई दिसते आणि आवाज येतो, आई. मराठी माणसाला वाटते याहून सोपा शब्द कोणता. पण तांड्यावरची बाई आईला याडी म्हणते. तिला एका वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात, परका शब्द आणि त्याचे अक्षर. आपण तिला मंद म्हणतो. खरे म्हणजे ती दुप्पट काम करत असते.

इथे एक सोपा उपाय आहे. गोरमाटीला स्वतःची वेगळी लिपी नाही, महाराष्ट्रात ती देवनागरीतच लिहितात. मग पहिला शब्द याडी हाच का नको? य, ड, काना, वेलांटी ही अक्षरे मराठीतही तीच आहेत. भाकरीला त्या बाटी म्हणतात, तर बाटी लिहू. आठवडाभर त्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात ऐकवू. मग याडीच्या शेजारी आई येईल, बाटीच्या शेजारी भाकरी येईल. तोवर अक्षराची भीती गेलेली असते. यासाठी मोठे तंत्रज्ञान लागत नाही. साध्या फोनवर वस्तीतल्याच बाईचा आवाज नोंदवायचा, तिच्याच कोपीचे, कोयत्याचे, मोळीचे चित्र काढायचे आणि दोन्ही जोडायचे. पडद्यावर स्लॅबचे घर आणि सोफा दिसण्याऐवजी आपली चूल दिसली की माणूस पुढे सरकून बसतो.

धर्मशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करताना आम्हाला ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांचा विचार शिकवला होता. १९६३ साली ईशान्य ब्राझीलमधील अंगिकोस या गावी त्यांनी सुमारे ३०० प्रौढांना शिकवण्याचा प्रयोग केला, तोही सुमारे ४० तासांचाच. त्यांच्याकडे संगणक नव्हता, पण भिंतीवर चित्रे दाखवायचे यंत्र होते. ते चित्र शिकणाऱ्याच्याच जगण्यातले असे, आणि शब्द त्याच्या रोजच्या कामातला. चित्र पाहून आधी लोक बोलत, मग शब्द वाचत. आपल्याकडे कमळ आणि बदक यांपासून सुरुवात होते. ऊस तोडणाऱ्याला बदकाचे काय? उचल हा शब्द पडद्यावर आणा. तीन अक्षरे, एक उकार नाही की वेलांटी नाही. पण तो शब्द दिसला की सगळी कोपी बोलू लागते. कोणी किती घेतली, कोणाची फिटली, कोणाची नाही. त्या बोलण्यातूनच वाचन सुरू होते.

आकड्यांचेही तसेच आहे. जुन्या बायका विसांच्या हिशेबाने मोजतात. तीन विसा म्हणजे साठ. हा हिशेब पक्का असतो, त्यांना अडाणी समजू नये. मराठी आकड्यांची नावे मात्र परक्या माणसाला फार छळतात. एकोणसाठ म्हणजे साठाच्या जवळ, पण लिहायचे पाचाने. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला वीस एक असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. ज्यांची घरची भाषा मराठी नाही अशा प्रौढांना शिकवताना मला त्या पन्नास नऊचा फार उपयोग झाला आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपण पाटीवर मराठी आकडे शिकवतो, पण फोनवर, नोटेवर ठळक, वजनाच्या पावतीवर इंग्रजी आकडे असतात. दोन्ही शेजारी शेजारी दाखवावेत, पण पहिला मान पावतीवरच्या आकड्यांना द्यावा.

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या लोकांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. देशोदेशीच्या माणसांनी ते बोलणे आपापल्या भाषेत ऐकले. त्यांना आधी एक भाषा शिकून या, मग सांगू, असे कोणी म्हटले नाही. आपल्या वर्गालाही हाच नियम लावावा असे मला वाटते.

यंत्र आणि वंचित माणूस यांचा विषय निघाला की मला आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव आठवते. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये छापखाना उभा केला. त्या काळी छापखाना हेच नवे यंत्र. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि थोडे शिकलेल्या बाईलाही कळावे अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ छापून निघाला. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत विधवांचे आणि दुष्काळातून वाचवलेल्या मुलींचे हात होते. ज्यांना कोणी पाटीही दिली नसती, त्यांच्या हाती रमाबाईंनी यंत्र दिले. बायका केवळ छापलेले वाचणाऱ्या राहिल्या नाहीत, त्या छापणाऱ्या झाल्या. आपल्या संगणकाच्या वर्गाचीही हीच कसोटी असावी. वस्तीतल्या बाईने फक्त ऐकले, की तिने स्वतः आवाज नोंदवला, चित्र निवडले, पुढच्या बाईसाठी पाठ तयार केला?

आता आपण काय करायचे ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, मोठ्या संगणकापेक्षा बॅटरीवर चालणारा लॅपटॉप किंवा टॅबलेट द्यावा. कोप्यांना वीज नसते. एखाद्या मंडळीने किंवा शेजारच्या शेतकऱ्याने दिवसा चार्ज करून देण्याची जबाबदारी घेतली तर निम्मा प्रश्न सुटतो. सोबत हेडफोन आणि एक जाड पेन द्यावा. कोयत्याने घट्टे पडलेल्या बोटाला काच नीट दाद देत नाही, पडद्यावर चालणारा पेन देते.

दुसरी गोष्ट, पाठ माणसाबरोबर जाऊ द्यावेत. टोळी गावी निघाली की शाळा सुटते, हा आपला जुना अनुभव. पण आज जवळजवळ प्रत्येक कोपीत एक तरी फोन असतो. सगळे पाठ त्यात भरून द्यावेत, इंटरनेट नसताना चालतील असे. पुस्तक चिखलात जाते, फोन ते जिवापाड जपतात.

तिसरी गोष्ट, शिकवणारी त्यांच्यातलीच शोधावी. अमेरिकन मिशनरी फ्रँक लाउबाक १९३० च्या सुमारास फिलिपिन्समध्ये मारानाओ लोकांत साक्षरतेचे काम करत होते. मंदीमुळे मिशनचे पैसे आटले, शिक्षकांना पगार द्यायला काही उरले नाही. तेव्हा तिथल्या एका सरदारानेच ठरवले, की जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवलेच पाहिजे. एकाने एकाला शिकवावे हा मंत्र तिथून जगभर गेला, लाउबाक पुढे भारतातही आले. टोळीत पाचवी-सहावीतून शाळा सुटलेली एखादी मुलगी असतेच. तिला दोन्ही भाषा येतात. संगणक तिच्या हाती द्यावा. तिचा मान वाढतो, आणि तिचे लग्न वर्षभर पुढे ढकलले गेले तर तो आणखी एक लाभ.

चौथी गोष्ट, सरकारी योजनेशी जोडून घ्यावे. २०२२ ते २०२७ या काळासाठी उल्लास, नवभारत साक्षरता कार्यक्रम देशभर चालू झाला. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी तो आहे. शिकवणारे स्वयंसेवक मानधनाशिवाय काम करतात, नोंदणी फोनवरील ॲपमध्ये होते आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० मिळून १५० गुणांची परीक्षा असते. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. ते प्रमाणपत्र हाती घेतलेला माणूस काय चेहऱ्याने पाहतो, हे एकदा पाहावे. पण ही नोंदणी होते गावच्या शाळेमार्फत, आणि आपला माणूस अर्धे वर्ष गावात नसतो. त्याचे नाव यादीत यावे म्हणून कोणीतरी शाळेत जाऊन, फोन करून मागे लागावे लागते. हे काम मंडळीतले निवृत्त शिक्षक उत्तम करू शकतील. ते संगणकाला जमणार नाही.

आणि पाचवी गोष्ट, तुमचा वेळ. देणगीचे पाकीट मिळाले की आम्ही आभार मानतोच. पण मला त्याहून जास्त हवे आहेत ते आठवड्याचे दोन तास. हंगामात, रात्री आठनंतर, कोपीच्या दारात, सतरंजीवर. तिथे तुम्ही शिकवायचेही नाही. फक्त शेजारी बसायचे. बाई अडली की तिच्याकडे पाहायचे, चुकली तर हसायचे नाही, बरोबर वाचले की मान हलवायची. यंत्र शाबास म्हणते, पण ते सर्वांना त्याच सुरात म्हणते, हे दुसऱ्याच दिवशी शिकणाऱ्याच्या लक्षात येते.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पाची गोष्ट आहे. कूशी देशाचा मोठा अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत होता. त्याच्यापाशी ग्रंथ होता, त्याला वाचताही येत होते. पण समजावणारा कोणी नव्हता. फिलिप्प रस्त्यावरून ओरडून सांगत राहिला नाही. तो रथापाशी धावत गेला, वर चढला आणि त्याच्या शेजारी बसला. परक्या देशाच्या, परक्या रंगाच्या माणसाच्या शेजारी.

येत्या दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा येतील. कोणत्या माळावर उतरतील ते मुकादमाला विचारून आम्ही पाळकसाहेबांना कळवू. बाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना तिच्यात आपले नाव, आठवड्याचा वार आणि आपल्याला मराठीशिवाय कोणती बोली थोडीफार येते ते लिहून जावे. शेवटचा रकाना कृपया रिकामा सोडू नका. आजीकडून ऐकलेले चार शब्द येत असतील तर तेही लिहा. त्या चार शब्दांवर एक वर्ग सुरू होऊ शकतो.

प्रभू आपणा सर्वांना या कामासाठी आरोग्य आणि धीर देवो.